भिंतीपलीकडचा नळ

देवरीत आम्ही घेतलेलं घर जुनं होतं, पण भिंती पक्क्या होत्या. ते मूळचं दोन भावांचं. वाटणीत मधोमध भिंत पडली. धाकट्याने आपला भाग आम्हाला विकला आणि तो रायपूरला मुलाकडे राहायला गेला. दुसऱ्या भागात थोरल्या भावाची विधवा बायको एकटी राहत होती. मी शाळेत शिकवते, म्हणून त्या मला मॅडम म्हणायच्या. मी त्यांना काकू म्हणत असे.

पहिल्याच उन्हाळ्यात आमची छतावरची टाकी लवकर रिकामी होऊ लागली. सकाळी मोटर लावून ती भरायची आणि दुपारी शाळेतून परत यावं तर नळातून नुसती हवा. दिवसभर घरात कोणी नसायचं. नवरा त्याच्या बी-बियाण्याच्या दुकानात, मी शाळेत. मग पाणी जातं कुठे?

प्लंबर आला. त्याने दोन-तीन नळ उघडून पाहिले आणि म्हणाला, "पूरी लाइन सडली मॅडम. सगळी फरशी फोडा लागते."

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "मले काही पटून नाही राहिलं. पाणी सांडून राहिलं तर भिंतीले ओल काऊन नाही?"

रविवारी आम्ही दोघंच शोधायला लागलो. टाकी भरली आणि तिच्या खालचा कॉक बंद केला. स्वयंपाक होईपर्यंत पाणी जिथल्या तिथे होतं. म्हणजे टाकी गळत नव्हती. मग कॉक उघडला, पण घरातले सगळे नळ घट्ट बंद ठेवले. आता पाणी वीतभर उतरलं. संडासाच्या फ्लशमध्ये हळद टाकून पाहिली. तो गळत असता तर भांड्यात पिवळं पाणी आलं असतं. भांडं पांढरंच राहिलं. अंगणातही कुठे चिखल नव्हता.

शेवटी मी स्टीलचा पेला भिंतीला लावून कान दिला. न्हाणीघरात, काकूंच्या बाजूच्या भिंतीत, पाणी वाहत होतं. जरा वेळाने आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"फुटलेला पाइप असा मधेच थांबतो का?" मी विचारलं.

नवऱ्याने पेला माझ्या हातातून घेऊन स्वतः कान दिला. त्या दिवसापासून आम्ही न्हाणीघरात हळू आवाजात बोलू लागलो.

दुसऱ्या दिवशी वड्या वाळत घालायच्या निमित्ताने मी छतावर गेले. भर उन्हाळ्यात काकूंच्या परसातली वांगी आणि चवळी हिरवीगार होती. काकू पाइप धरून उभ्या होत्या.

"काकू, पाणी पुरतं का हो तुम्हाला?" मी वरूनच विचारलं.

"पुरते ना. मले एकटीले असं किती लागते?" असं म्हणून त्यांनी पाइप दुसऱ्या वाफ्याकडे वळवला.

आम्ही प्लंबरला परत बोलावलं आणि फक्त ती एक जागा फोडायला लावली. आत जुना लोखंडी पाइप निघाला. त्याला एक फाटा होता. एक तोंड आमच्या न्हाणीघराकडे, दुसरं थेट भिंतीपलीकडे. एकाच टाकीवर दोन्ही घरं चालली होती.

नवऱ्याने काकूंना बोलावून आणलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा करत वाकून पाहिलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही, आणि तेच मला खटकलं.

"सासऱ्याच्या टायमाची लाइन हाय," त्या म्हणाल्या. "दीरानं सांगतलं नाई का तुमाले?"

"मग मी विचारलं तेव्हा तुम्ही का नाही सांगितलं?"

"तुमी पुरते का म्हणून विचारलं. कुठून येते म्हणून कुठं विचारलं?"

नवऱ्याने तिथूनच काकूंच्या दिराला, म्हणजे आम्हाला घर विकणाऱ्या धाकट्याला, फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "वहिनीनं वेगळा नळ घेतला असं तिनंच मला सांगितलं होतं. म्हणून मी काही बोललो नाही."

काकूंना ते ऐकू गेलं. "खोटं बोलून राहिला," त्या शांतपणे म्हणाल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या.

उन्हाळ्यात एकट्या बाईचं पाणी तोडवेना. आम्ही त्या फाट्यावर आमच्या बाजूने कॉक बसवला. रोज सकाळी मी तो थोडा वेळ उघडायची आणि शाळेत जाताना बंद करायची. काकूंनी नव्या नळासाठी अर्ज केला. पावसाळ्यात त्यांच्या दारात नळ आला, तेव्हा प्लंबरने तो फाटा कायमचा बंद केला. आता आमची टाकी संध्याकाळपर्यंत पुरते.

काकू अजूनही भिंतीवरून वांगी देतात. मी घेते. पण काही विचारायचं झालं की आधी मनात प्रश्न नीट जुळवून पाहते, आणि त्यांचं उत्तर ऐकताना त्यांनी काय गाळलं तेच शोधत राहते. त्यांच्या दिराचा सणासुदीला आम्हाला फोन येतो. तो पाण्याचं कधी विचारत नाही. दोघांपैकी खरं कोण बोललं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.