तिनं मालक ओळखला

माझ्या कुत्रीला पाहणारा माणूस आधी तिचा गळा पाहतो. तिथं बोटभर रुंदीचं, केस नसलेलं एक कडं आहे. राजूर घाटात ती सापडली तेव्हा त्या जागी कुंपणाची तार होती, मांसात रुतलेली. मी मलकापूरहून अस्तराचं कापड घेऊन बुलढाण्याला परतत होते. गाडी तापली म्हणून घाटात थांबली आणि कठड्याखालून कण्हणं ऐकू आलं. "ताई, गाडी घाण होईन," ड्रायव्हर म्हणाला. मी तिला त्याच अस्तरात गुंडाळून मांडीवर घेतलं. कोरं कापड वाया गेलं की शिवणकाम करणाऱ्या बाईचा जीव कसा होतो, ते त्याला काय कळणार!

जखम भरली, पण भीती काही जाईना. कोणी नुसता हात वर केला तरी ती जमिनीला चिकटायची आणि जागीच मुतायची. माझ्या एका खोलीत मी कितीतरी महिने हात कमरेच्या वर न नेता वावरले. मग एका सकाळी दोरीवर कपडे वाळत घातले, तर ही शेजारी बसून निवांत पंजा चाटत होती. त्या दिवशी मी शिरा केला. दोघींनी खाल्ला.

म्हणूनच दादानं देऊळघाटच्या मळ्यात रोडग्यांच्या जेवणाला बोलावलं, तेव्हा तिलाही नेलं. थंडी सरत आली होती आणि ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं. हरभऱ्याच्या बांधाबांधानं ती अशी पळत सुटली की मला हसू आवरेना. टिटवीमागे धावली, पाटात लोळली, चिखलाच्या पायांनी येऊन माझ्या साडीवर बसली. एवढं मोकळं पळताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. सुख म्हणतात ते हेच असावं, असं मनात आलं. तिथंच दृष्ट लागली असणार.

गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजत होते. वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. तेवढ्यात शेजारच्या शेतातला दादाचा दोस्त काठी टेकत आला. त्याचं लक्ष कुत्रीकडे गेलं.

"अबे, हे त आमची हाय! हिले म्या घाटात सोडली होती. लय पिल्लं देऊन राह्यली होती."

"अन् गळ्यात तार कोणी बांधली होती?" मी विचारलं.

"मंग काय सोन्याची साखळी बांधतो का, ताई?" तो हसला. दादाही हसला.

मग त्यानं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. कुत्री होती तिथं थिजली. मग पोट जमिनीला घासत, शेपटीनं धूळ झाडत, सरपटत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याची चप्पल चाटू लागली.

"पाय बे, वळखलं तिनं! याले म्हणते इमान," दादा म्हणाला.

आमच्या काकूनं एवढा वेळ कळ काढली होती तेच नवल. मी नवऱ्याला सोडून आले त्याला वर्षं लोटली, पण काकूच्या तोंडी तो विषय कधी शिळा होत नाही. "मुक्या जनावराले बी आपलं घर समजते," ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "माणसालेच समजत नाही. पदरी पडलं अन् पवित्र झालं." ही म्हण माझ्या पाचवीलाच पुजलेली आहे.

मी खाली पाहत होते. कुत्री जिथून सरपटत गेली होती तिथल्या मातीवर ओली रेघ उमटली होती. इमानाचं कौतुक चाललं होतं आणि ती रेघ एकालाही दिसत नव्हती.

नवरा मला न्यायला दादाकडे यायचा तेव्हा मीही अशीच उठायचे. हसून पाणी द्यायचे, चहा टाकायचे. दादा म्हणायचा, "पाय, कशी खुश झाली!" चहा ओततानाही माझी नजर नवऱ्याच्या हातांवर असायची. तसंच हसत हसत मी त्याच्यामागं निघायचे, आणि घरचे आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला यायचे.

"आता चांगली धष्टपुष्ट झाली," तो माणूस म्हणाला. "राखणीले कामी येईन. राहू दे इथंच."

"देऊन टाक ना," दादा म्हणाला. "त्याचीच त हाय."

त्याचीच आहे! हेच शब्द, ह्याच तोंडचे, मी आधी ऐकले होते. फक्त तेव्हा गोष्ट कुत्रीची नव्हती.

मी उठले. त्या चपलेवरून तिला ओढून उचललं आणि रस्त्याला लागले. "इमान नाही ते, भीती हाय," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला, त्याचा राग मला अजून येतो. "अवं, रोडगे त खाऊन जाय!" वहिनी ओरडली. पाठोपाठ काकूचं हसणं आलं.

ती जड झालीय. थोडं चालल्यावर मला ती खाली ठेवावी लागली. सकाळी पुढं पळणारी ती आता माझ्या टाचेमागून येत होती. ऊन डोक्यावर आलं होतं. डोळ्यात घाम उतरला म्हणून मी पदर धरून हात कपाळाकडे नेला, आणि ती डांबरावर पोट टेकून सपाट झाली.

मी हात खाली घेतला. मग बुलढाण्यापर्यंत घाम तसाच गळू दिला.