चाकापुढच्या चपला

लोणारकडच्या एका दिवसाच्या सहलीत माझ्या शेजारी उंद्रीच्या एक बाई बसल्या होत्या. नाव विचारायचं राहून गेलं. पडक्या देवळांत त्या प्रत्येक भंगलेल्या मूर्तीला हात लावून तो कपाळाला टेकवत होत्या, आणि आमचा गाईड टाळ्या वाजवत सगळ्यांना पुढे हाकत होता. आपल्या ओळखीच्या ढाब्यावर मात्र त्याने आम्हाला निवांत बसवून ठेवलं. शेवटी देवीच्या डोंगराखाली गाडी थांबली. त्या दर्शनासाठीच तर आम्ही आलो होतो. तो म्हणाला, "उशीर झालाय. वर तसं काही नाही, इथूनच हात जोडा."

लोकांनी मुकाट्याने हात जोडले. माझं डोकं तापलं होतं, पण बोलल्या त्या बाई.

"वर काही नाही, हे तुमी वर जाऊन पाह्यलं काय?"

त्याने नजर चुकवली. "गाडी कोणासाठी थांबणार नाही," एवढंच म्हणाला.

बाई उतरल्या. पायांतल्या चपला त्यांनी गाडीच्या पुढच्या चाकासमोर नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी चढू लागल्या. गाईडने गाडी काढायला सांगितलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरून त्या चपलांशेजारी आपले बूट काढले आणि तोही डोंगर चढू लागला.