मावशीच्या आवाजाची आत्या

माझ्या मावसभावाइतका दुसऱ्याच्या अंगात शिरून बसणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. समोर माणूस आला, की याची मान, याचा घसा, याचे गुडघे त्या माणसाचे होऊन जात. एकदा सोलापूरच्या सात रस्ता चौकात तो एका लंगडणाऱ्या पेन्शनर गृहस्थांच्या मागे तसाच लंगडत निघाला. गृहस्थांनी वळून पाहिलं, "तुमचाही डावाच का हो?" म्हणत त्याला आपल्या हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला, आणि ते गृहस्थ नजरेआड होईपर्यंत हा लंगडतच परत आला. "मधेच नीट चाललो असतो तर त्यांना काय वाटलं असतं?" असं त्याचं म्हणणं. तापानं फणफणला असतानाही डॉक्टरांच्या प्रश्नांना त्यांच्याच घोगऱ्या आवाजात उत्तरं देई. त्या डॉक्टरांनी शेवटी औषधासोबत घरच्यांना "जरा लक्ष ठेवा" असंही सांगितलं होतं.

त्याचे वडील, म्हणजे आमचे अण्णा, निवृत्त हेडमास्तर. मूळचे सांगोल्याकडचे, आता जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये राहणारे. मुलानं बँकेतली नोकरी सोडून मुंबई गाठली, तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं. पुढे तो टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात नऊवारी नेसून 'आत्या' म्हणून उभा राहिला आणि सगळं सोलापूर पोट धरून हसलं. आमच्या घरात मात्र कुणी हसलं नाही. पदर खोचणं, भुवई उडवणं, बोलता बोलता समोरच्याच्या ताटात न विचारता भाजी वाढून मोकळं होणं... ती आत्या म्हणजे हुबेहूब माझी मावशी होती. त्याची आई. तिला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

तिच्या वर्षश्राद्धाला तो आला. पंगत बसली होती. अण्णा खाली मान घालून जेवत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "अरे, त्या आत्याचा आवाज काढून दाखव की!"

सगळ्यांचे घास हातात राहिले. अण्णा भरल्या ताटावरून उठले. मनाला लागलं की त्यांची हेडमास्तरी भाषा सुटायची आणि सांगोल्याची बोली बाहेर यायची.

"लोकं हसत्यात तिला. मेलेल्या माणसाला."

"अण्णा, आई जित्तेपणीबी हसवायचीच की लोकांना."

"ती हसवायची. तू लोकांस्नी तिच्यावरच हसाया लावलंस."

मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि हे दोघं कायमचे तुटणार. पण तो उठला, हात धुऊन आला आणि म्हणाला, "बरं. पुन्हा न्हाय करणार."

त्यानं शब्द पाळला. कार्यक्रमवाल्यांशी वाद झाला, आत्या बंद झाली, आणि त्याच्या वाट्याला दारात उभं राहून सलाम ठोकणाऱ्या हवालदाराच्या भूमिका येऊ लागल्या. रस्त्यात लोक त्याला ओळखेनासे झाले. तक्रार मात्र त्यानं केली नाही.

काही महिन्यांनी मी अण्णांना औषधं द्यायला गेलो. टीव्ही चालू होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ती आत्या दिसत न्हाय आताशा."

"अण्णा, तुम्हीच तर बंद करायला लावली."

"व्हय." टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "लोकांचं हसणं ऐकून राग यायचा. पण टीव्ही बंद करवत न्हवता. तेवढाच तिचा आवाज घरात व्हायचा."

मी खाली उतरून लगेच मावसभावाला फोन केला. ऐकून घेतल्यावर तो एवढंच म्हणाला, "रविवारी येतो."

रविवारी दुपारी मी अण्णांकडेच होतो, तेव्हा तो आला. अण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. हा त्यांच्या पाया पडला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. आतून भांड्यांचा आवाज आला. मग मावशी बोलली.

"आवं, ताट केलंय. गार झाल्यावर मग मला बोलायचं न्हाय हां!"

अण्णांच्या हातातला पेपर हलेना. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस केलं नाही. मग पेपराची घडी घातल्याचा आवाज झाला.

"आलो गं," अण्णा हळूच म्हणाले आणि हात धुवायला उठले.