कनवटीची चावी

मानकोलीच्या गुणाबाईच्या घरात बाईचे डोळे तपासायची एकच रीत होती, सुपातले तांदूळ. खडा दिसला की डोळे ठणठणीत. तिची थोरली बहीण रंगूबाई अशीच तांदूळ निवडत राहिली. चौकटीला खांदा आपटायचा, बाजूचा तांब्या लवंडायचा. घरचे म्हणायचे, धांदरट झालीय. काचबिंदूने कडेची नजर खाल्ली होती, सुपापुरती तेवढी उरली होती. मग तीही गेली.

डॉक्टरांनी बजावलं, सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासून घ्या, त्रास नसला तरी. ऐकलं एकट्या गुणाबाईने. आळीतल्या बायका हसल्या.

"गुणे, या वयात कुनाला बघाचाय गं?"

"तुमानाच. तुमची तोंडं बघाला डोले लागतात."

तिच्याही डोळ्यात काचबिंदूची सुरुवात निघाली. थेंब सुरू झाले. डॉक्टर बोलावतील तेव्हा ती धामणकर नाक्याच्या दवाखान्यात एकटी जाते, आणि नजर आहे तिथे टिकून आहे.

तपासणीला अडून बसला होता मुलगा. भूपेश चाळिशीचा, गोदामांच्या मालाचा टेम्पो चालवणारा. त्याच्या गाडीचा डावा आरसा पुन्हा फुटला, तेव्हा गुणाबाईला रंगूबाईचा चौकटीला आपटणारा खांदा आठवला.

"खांबच वाकडा लावलाय त्यांनी," भूपेश म्हणाला.

"डोले दाखव."

"आये, तो पुलावरचा ट्रक बघ. नंबर वाचू?" त्याने वाचला. बरोबर वाचला.

"रंगू पन खडे बरोबर काढाची."

सकाळी टेम्पोची चावी खिळ्यावर नव्हती. गुणाबाईच्या कनवटीला होती.

"आई, माल भरायचाय," सून मेघाली काकुळतीला आली. "शेठचा सारखा फोन येतोय."

"शेठला सांग, चावी म्हातारीकडं हाय. हिंमत असंल तर येऊन घे म्हनावं."

भूपेश चिडला, बडबडला, जेवला नाही. शेवटी तणतणत तिच्यासोबत रिक्षात बसला.

दवाखान्यात त्याला अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर बसवलं. समोर नजर ठेवायची, कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. गुणाबाईला ते पाठ होतं. ती पडद्याबाहेर उभी राहून ऐकत होती. टिक. टिक. टिक. मग काहीच नाही. यंत्राची घरघर चालूच, बटण गप्प. तिने कनवट घट्ट धरली.

भूपेश बाहेर आला. "मशीन बिघडलंय यांचं. मधी मधी दिवा लागतच नव्हता."

"लागत होता."

 भूपेशने सवयीने हात पुढे केला. "चावी दे. निघू."

"न्हाय देनार. आधी डॉक्टर काय सांगतात ते आईकू. थेंब टाकाचे तर टाकाचे. आरसा नवा मिलतो बाजारात, डोला मिलत न्हाय."

"आनि तंवर टेम्पो?"

"उभा ऱ्हाईल. तू आंधला बसलेला मना चालाचा न्हाय."

आतून त्याचं नाव पुकारलं. गुणाबाई त्याच्या डाव्या बाजूने चालू लागली.