यमुताईनं चुना सोडला

आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट यमुताई सांभाळायची. इतवारी बाजारामागच्या विणकरांच्या वस्तीतली. घरचे हातमाग बंद पडले, तेव्हा सुई-दोरा घेऊन ती आमच्याकडे आली. मी राणी असो की मोलकरीण, विंगेत माझ्या निऱ्या तिच्याच हातच्या. टाळ्या मला मिळत. ऐन प्रवेशात लुगडं कधी सुटलं नाही, ते तिच्यामुळे. कंपनी मिटली, मैत्री राहिली. आता ती अडुसष्टची आहे, मी थोडी मोठी.

मागच्या हिवाळ्यात तिची सून प्रणाली तिला मॅमोग्राफीला घेऊन गेली. यमुताईच्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, त्यामुळे घरात धास्ती होती. गाठ निघाली नाही. प्रणालीनं गल्लीत पेढे वाटले. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं होतं: स्तनातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचलं आहे. वय वाढतं तसं पुष्कळ बायकांत ते दिसतं. तो कॅन्सर नाही, पण हृदय एकदा तपासून घ्या. पेढ्यांच्या गडबडीत ते मागे पडलं.

यमुताईनं मात्र आपल्या परीनं बंदोबस्त केला. तळहातावर चुना घालून तंबाखू मळायची तिची जुनी सवय. एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि कोरडीच चिमूट दाढेत धरली. चुना कुठं गेला, मी विचारलं.

"सोडला वं. कॅल्शियम म्हंजे चुनाच ना? जन्मभर खाल्ला, तो छातीत जाऊन बसला. आता मले काही होत नाही."

चुन्याविना तंबाखू म्हणजे मिठाविना वरण. एवढा त्याग करून ती खुशीत होती. पण माझा जिना चढताना ती कठडा धरून थांबली होती, ते मी वरून पाहिलं होतं. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर गाठ नाही मग कशाला, म्हणून तिनं विषय झटकला.

"यमे, जिन्यात काहून थांबली होती?"

तिनं तंबाखूची डबी कमरेला खोचली.

"दम लागते वं. कपड्याच्या पेट्या उचलत होती मी. आता खाली हातानं दम लागते."

दुसऱ्या दिवशी प्रणाली आणि मी तिला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. पुढच्या तपासण्यांत हृदयाच्या एका वाहिनीत थोडा अडथळा दिसला. वेळेत आलात, सध्या गोळ्यांवर भागेल, डॉक्टर म्हणाले. खाल्लेला चुना असा वाहिन्यांत जाऊन बसत नाही, हेही त्यांनी समजावलं. सोडायची होती ती तंबाखू.

"घ्या," यमुताई आमच्याकडे वळून म्हणाली, "चोर सोडून संन्याशाले फाशी देली मी."

गोळ्या ती नेमानं घेते. तंबाखू सुटायला मात्र फार वेळ लागला. त्या दिवसांत तिची चिडचिड आमच्यावर निघायची: प्रणालीच्या भाजीत मीठ कमी असायचं आणि माझ्या चहात साखर जास्त. परवा तंबाखूऐवजी बडीशेप चघळत आली, बडीशेपेला काही चवच नाही म्हणून मलाच बोलून गेली. मी ऐकून घेतलं.