पेटी आधी, माणूस मागून

कुर्डुवाडी सुटली आणि खिडकीबाहेर आडोसा म्हणून काही उरलं नाही. काळं रान, मध्येच एखादी बाभळ, आणि वर एवढं आभाळ की पुण्यात ते दहा सोसायट्यांना वाटून पुरलं असतं. एप्रिल होता. मी रुमाल ओला करून मानेवर ठेवला आणि फाईल उघडली.

मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करते. सत्तावीस वर्षं झाली. माणसं खोटं बोलतात हे आधी धरून चालायचं आणि मग खरं शोधायचं, असा हा धंदा. त्यामुळे सख्खी वहिनीसुद्धा माझ्याशी जरा जपूनच बोलते.

फाईल छोटी होती. अंबादास नावाचे सोलापूरचे एक जॉबर (यंत्रमाग बसवणारा आणि बिघडला तर ताळ्यावर आणणारा कारागीर). एका कारखान्यातलं काम संपवून दुसरीकडे जायचं होतं, तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी भरदुपारी वाटेतच, ड्रायव्हर चहाला उतरला असताना, टेम्पोतून चोरीला गेली. विमा होता, पोलिसांत तक्रार होती. पावती मात्र एकाही हत्याराची नव्हती. म्हणजे यादी मारुतीच्या शेपटासारखी लांब असणार, असं मी मनात धरूनच गाडीतून उतरले.

पूर्व भागातल्या त्यांच्या गल्लीत रिक्षा शिरली तसा मागांचा आवाज सुरू झाला. घराघरातून खटखट, खटखट. रिक्षावाल्याने पत्ता विचारला तो दखनीत, उत्तर मिळालं तेलुगूत, आणि मला त्याने सांगितलं मराठीत, "आलं की मॅडम, उतरा." दोऱ्यांवर लाल आणि मोरपंखी सूत वाळत होतं. त्याच्या खालून वाकून मी दारात पोचले.

अंबादासअण्णा साठीचे, वाळके, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. कामाच्या माणसाचे रिकामे हात बघवत नाहीत. त्यांचे तसे होते. त्यांच्या बायकोने, पद्माबाईंनी, तांब्या पुढे केला. "या अक्का (थोरली बहीण), आदी पानी घ्या."

मी यादी मागितली.

"लिवलेली न्हाय मॅडम. दावू का?"

"पेटी तर गेली ना?"

"पेटी गेली. डोक्यातली हाय की."

त्यांनी खडू घेतला आणि शहाबादी फरशीवर उकिडवे बसून एक चौकोन काढला. ही पेटी. मग तिच्यातलं एकेक हत्यार खऱ्या मापाचं, शेजारी शेजारी. पाने, कानशी, छिन्न्या, लाकडी हातोडी. एका कानशीची मूठ जरा तिरकी काढली, कारण ती होतीच तिरकी. "ह्यो धागा वडायचा आकडा. माज्या वडलांनी सायकलच्या तारेचा केलता." खडू कुठे अडत नव्हता. खोली भरली, तसं ते उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले. एकेचाळीस हत्यारं झाली. मी मागून टेप लावत मापं टिपत होते आणि मनात म्हणत होते, चित्र काय, कुणीही काढील.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी (शेंगदाण्याची, लसूण घालून कुटलेली) आणि दही. भाकरी पापडासारखी मोडत होती. मी तीन खाल्ल्या आणि हात धुवायला बाहेर गेले. परत येताना ओल्या पायांनी सरळ आकड्यावर आणि दोन पान्यांवर उभी राहिले. तिन्ही पुसले गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ऱ्हाऊ द्या," म्हणत अण्णा खाली बसले आणि पद्माबाईंशी तेलुगूत काहीतरी बोलत बोलत त्यांनी तिन्ही पुन्हा काढले. लक्ष अर्धं बोलण्यात. मी हळूच टेप लावला. आकडा नऊ इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). वहीत बघितलं. नऊ इंच तीन सूत. दोन्ही पान्यांची मापंही तीच.

तिन्हींपुढे मी बरोबरची खूण केली. तरी संशयाची सवय जाते थोडीच. मी दुसऱ्या कोपऱ्यातली एक कानस पायाने मुद्दाम पुसली आणि म्हटलं, "ही पण गेली वाटतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या कोरड्या पायाकडे बघितलं, किंचित हसले, आणि कानस काढून दिली. मूठ तिरकी. माप तेच. मी वही मिटली. पावत्यांचा प्रश्न माझ्यापुरता संपला होता. सत्तावीस वर्षांत इतकी खरी यादी मी पाहिली नव्हती.

आता एकच प्रश्न राहिला होता. विम्याची अट अशी, की एका कामावरून दुसऱ्या कामावर नेताना हत्यारं त्यांच्या धन्याच्या, म्हणजे इथे अण्णांच्या, ताब्यात हवीत.

"टेम्पोत तुम्ही ड्रायव्हरशेजारी होता ना?"

"न्हाय. घरी हुतो." त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "पेटी आदी जाती, मानूस दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्यात तसंच हाय. कारखानदारानं सोता येऊन पेटी न्यायची. न्यायला आला तर समजायचं, ह्याला आपलं काम पायजे हाय."

माझा पेन थांबला. ही रीत म्हणजे दाव्यावर पाणी. मी विचारलं, दावा नाही मंजूर झाला तर?

पद्माबाईंनीच उत्तर दिलं. "पेटी न्यायला आलते त्या सिद्रामप्पांचे बारा माग बसवायचे हायत. पेटी न्हाय तर ते दुसरा जॉबर बगतील. ह्यांना एका गोदामावर राखणदाराचं काम सांगितलंय, पयल्या तारखेपासनं."

हे हात गोदामाच्या दाराशी मांडीवर पडून राहणार. मला ते सोसेना. आणि मग, लाज वाटते पण लिहिते, मी पेन वर उचलून म्हणाले, "अण्णा, नीट आठवा. तुम्ही बसला असाल टेम्पोत. चहाला उतरला असाल."

पद्माबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. अण्णांना कळलं होतं.

"न्हाय मॅडम. घरी हुतो, तसंच लिवा."

"दावा बुडेल."

"बुडंल की. पन मी संगं हुतो म्हनलं, तर पेटी माज्या हातनं गेली असं हुतंय. माज्या हातनं ती गेलेली न्हाय."

मी तसंच लिहिलं. आवाज न चढवता बोललेल्या त्या माणसापुढे मला नजर वर करवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोट रोडवर सिद्रामप्पांच्या कारखान्यात गेले. बारा नवे माग कापडाखाली झाकलेले, अजून मुके. सिद्रामप्पा फोनवर कानडीत बोलत होते, तो ठेवून म्हणाले, "बाई, पेटी मीच आनली. दोन हातांनी उचलावी लागती, गल्लीसमोर. 'आजपासनं माज्या जिम्म्याला' असं म्हनल्याबिगर अण्णा देतच न्हाईत. म्हनलो की. दहा मानसं हुती. मग माज्याच टेम्पोत ठिवली, मागच्या दाराला कुलूप लावलं, माज्या ड्रायव्हरला धाडलं आन मी स्कूटरवर पुढं आलो."

मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. अटीचा दुसरा अर्धा भाग असा होता: किंवा धन्याने साक्षीदारांसमोर ज्याच्या हवाली केली त्याच्या ताब्यात. हा अर्धा भाग मी आजवर फक्त पळवाट म्हणून वापरलेला पाहिला होता. कोणी तो रीत म्हणून बापजाद्यांपासून पाळत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अण्णांनी तो बोलून दाखवला नाही, कारण श्वास घेतो हे कोणी सांगत नाही. मी गल्लीत परत जाऊन चौघांचे जबाब घेतले. चौघांनी तेच वाक्य सांगितलं.

परतीच्या गाडीआधी चोरी झाली त्या चहाच्या टपरीवर उतरले. शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण मालकाने दाखवलं. टेम्पो थांबतो. ड्रायव्हर उतरतो, एकटाच; शेजारची जागा रिकामी, अगदी स्पष्ट दिसते. मागून दोघे येतात, पहारीने कुलूप तोडतात, पेटी उचलून निघून जातात.

मी ती रिकामी जागा पुन्हा पुन्हा बघितली. माझं ऐकून अण्णा तिथे 'बसले' असते, तर याच चित्रणावर कंपनीने दावा फेटाळला असता, आणि ते खोटं पकडणारी मीच असते. टपरीवाल्याने विचारलं, "बरं वाटत न्हाय का?" मी म्हटलं, ऊन आहे.

दावा पुढे मंजूर झाला. पहिल्या तारखेला अण्णा गोदामावर गेले नाहीत. नवी पेटी भरत होते. गाडीत मात्र मला यातलं काही ठाऊक नव्हतं. बाहेर तेच काळं रान मागे जात होतं आणि मी अहवाल लिहीत होते. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या घरात शिरून खोटं शोधत आले. सोलापुरात ते मीच पदरात बांधून नेलं होतं, आणि त्या दोन खोल्यांत त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.