पदराची सुटी टोकं

आई नव्या साडीच्या पदराला गोंडे बांधत बसली आहे. पदराच्या शेवटी विणकर वीतभर धागे न विणताच सोडतो. आठ वर्षांची असताना मी ते उगीच लोंबतात म्हणून कात्रीने सरळ कापले होते आणि पदराचे दोरे सुटत गेले होते.

प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी मी पुन्हा तेच केलं. पेशी आरएनएचा निरोप वाचून प्रथिन बनवते, पण त्या निरोपाच्या दोन्ही टोकांचा मजकूर प्रथिनात कधीच उतरत नाही. मी तो छाटला आणि प्रथिन जेमतेमच बनलं. वाचन कुठून सुरू करायचं, प्रथिन किती करायचं, निरोप किती वेळ टिकवायचा, हे सगळं त्या टोकांच्याच हातात होतं.

पुस्तकांत ती टोकं कोरी दाखवतात. माझ्या प्रबंधात मी ती गर्द जांभळी रंगवली आहेत, आईच्या गोंड्यांसारखी. आज तिला ती आकृती दाखवून सगळं समजावलं.

"एवढं कळायला इतकी शिकलीस होय!" ती म्हणाली आणि गोंडा तसाच सोडून शेजारणीला हाक मारायला दाराशी गेली. "अहो काकू, जरा या. आमच्या पोरीने काय काढलंय बघा."